दूरनजर : लेखांक ५ – मागे येण्याचं बटण

शंभर मीटरवर एक बाभूळ आहे आणि तिच्या शेंड्याला शिक्रा बसला आहे, असं धरून चालू. निकॉनच्या पी१००० या कॅमेऱ्याचा झूम पूर्ण मिटलेला असताना, म्हणजे २४ मिलिमीटरवर, त्या अंतरावरचा सुमारे १४४ मीटर रुंद पट्टा चौकटीत मावतो. बाभूळ, बांध, पलीकडची विहीर, सगळं त्यात येतं. झूम शेवटच्या टोकाला, ३००० मिलिमीटरला नेला की त्याच अंतरावर चौकटीची रुंदी उरते जेमतेम एक मीटर पंधरा सेंटिमीटर. एकशे चव्वेचाळीस मीटरांतला तो एक मीटर नेमका कुठला, हे कॅमेऱ्याला सांगावं लागतं. शिक्रा तोवर थांबेलच, याची हमी नाही.

मागच्या लेखांकात इवल्याशा सेन्सरमुळे एवढा लांब पल्ला कसा शक्य होतो, ते पाहिलं. पी१०००च्या भिंगाचं खरं नाभीय अंतर ५३९ मिलिमीटरच असतं, ३००० हा आकडा ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबातला. या वेळी भिंगाची बाजू सोडून बोटांकडे वळायचं आहे. झूमचा खटका आणि फोकसचं बटण, एवढ्या दोन गोष्टींवर सुपरझूम कॅमेऱ्यातले बहुतेक फोटो साधतात किंवा हुकतात.

आधी हा पल्ला किती झपाट्याने वाढला ते पाहू. निकॉनच्या याच मालिकेत २०११ साली पी५०० आला तो ३६ पट झूम घेऊन. पुढच्या वर्षी पी५१०ने ४२ पट गाठली, २०१४च्या पी६००ने ६० पट, २०१५च्या पी९००ने ८३ पट आणि २०१८च्या पी१०००ने थेट १२५ पट. सात वर्षांत पल्ला साडेतीन पटींच्या आसपास वाढला. माणसाचा हात मात्र २०११मध्ये जेवढा हलत होता तेवढाच २०१८मध्येही हलत होता, आणि त्यात १,४१५ ग्रॅमचा कॅमेरा आला. त्यामुळे कंपन्यांना नुसती भिंगं वाढवून भागलं नाही, हरवलेला पक्षी पुन्हा सापडवून देणारी बटणंही द्यावी लागली.

मुख्य खटका शटरच्या बटणाभोवती असतो. तो उजवीकडे वळवला की दृश्य जवळ येतं, डावीकडे वळवला की मागे जातं. नवखा माणूस तो नेहमी शेवटपर्यंत वळवतो. निकॉनमध्ये तसं केलं की झूम वेगाने धावतो, थोडासाच वळवला तर सावकाश सरकतो. पाणथळीवर हजार रोहित पक्ष्यांचा थवा उभा असेल तर वेगाचं काही बिघडत नाही. एकट्या खंड्याकडे जायचं असेल तेव्हा मात्र त्या धावपळीत तो चौकटीच्या कडेने कधी निसटला ते कळतही नाही.

दुसरा खटका भिंगाच्या नळीवर, डाव्या अंगाला असतो. पुष्कळ जण वर्षभर कॅमेरा वापरूनही त्याला हात लावत नाहीत. खरं तर पूर्ण ताणलेल्या झूमवर तोच अधिक सोयीचा. एरवी एकाच तर्जनीला फोकससाठी शटरही अर्धं दाबून धरायचं असतं आणि झूमही फिरवायचा असतो. एक काम करायला गेलं की दुसरं सुटतं. बाजूचा खटका वापरला की कामाची वाटणी होते: डावा तळवा नळीखाली वजन पेलतो, त्याच हाताचा अंगठा झूम चालवतो आणि उजवी तर्जनी शटरपाशी मोकळी राहते.

त्या खटक्याशेजारीच आणखी एक छोटं बटण आहे, आणि या लेखांकाचा नायक तोच. निकॉन त्याला ‘स्नॅप-बॅक झूम’ म्हणते. ते दाबून धरलं की झूम तेवढ्यापुरता मागे येतो, आजूबाजूचा मोठा भाग दिसू लागतो आणि आधी जिथे रोखलं होतं ती जागा पडद्यावर चौकोन आखून दाखवली जाते. पक्षी शोधायचा, कॅमेरा वळवून त्याला चौकोनात आणायचं आणि बटण सोडायचं. झूम आपोआप पूर्वीच्या जागी जातो. कॅननने हीच सोय ५० पट झूमच्या एसएक्स५० एचएसमध्ये २०१२ सालीच दिली होती आणि ६५ पट झूमच्या एसएक्स७० एचएसमध्येही ती आहे. एवढं वेगळं बटण देण्यामागचं कारण उघड आहे. पूर्ण झूमवर पाहणं म्हणजे कागदाची लांब सुरनळी डोळ्याला लावून गर्दीत ओळखीचा चेहरा शोधणं. सुरनळी इकडेतिकडे फिरवत बसण्यापेक्षा ती क्षणभर बाजूला करणं केव्हाही शहाणपणाचं.

भिगवण परिसरात, उजनीच्या फुगवट्यावर होडीतून पक्षी टिपणाऱ्यांकडे पाहिलं की सराईत आणि नवखा यांतला फरक लगेच लक्षात येतो. समोर चित्रबलाक उभा असतो. नवखा झूम पूर्ण ताणतो, होडी डुलते, चौकटीत नुसतं पाणी येतं, मग तो त्याच झूमवर कॅमेरा डावीउजवीकडे हलवत राहतो. सराईत हात आधी मध्यम झूमवर पक्षी पकडतो, तिथे एक साधा फोटो उरकून घेतो आणि मग टप्प्याटप्प्याने पुढे जातो. पक्षी निसटला की तो लगेच झूम मागे घेतो. दिवसअखेर हिशेब केला तर त्याने झूम पुढे जितका नेला, जवळपास तितकाच मागे आणलेला असतो.

इथे एक धोक्याची खूणही लक्षात ठेवायला हवी. निकॉनच्या पडद्यावरची झूमची पट्टी निळी झाली की भिंगाचा खरा पल्ला संपलेला असतो आणि पुढचं काम कॅमेऱ्यातलं गणित करतं. पट्टी पिवळी झाली की चित्राची प्रत स्पष्टपणे घसरू लागते. पी१०००वर दिसणारा १२,००० मिलिमीटरचा आकडा या पिवळ्या टोकाचा. त्यात नवा तपशील येत नाही, असलेलाच मोठा होतो.

आता फोकस. या मालिकेतले कॅमेरे चित्रातल्या उठावावरून फोकस ठरवतात. भिंग पुढेमागे सरकतं, कडा कुठे सर्वांत ठळक दिसतात ते कॅमेरा पाहतो आणि तिथे थांबतो. यासाठी दोन गोष्टी लागतात, उजेड आणि ठळक कडा. पूर्ण झूमवर नेमक्या दोन्ही कमी पडतात. पी१०००चं भिंग रुंद बाजूला एफ/२.८ असतं, लांबच्या टोकाला एफ/८. म्हणजे सेन्सरवर पडणारा उजेड आठव्या हिश्शावर येतो. संध्याकाळी झूम ताणल्यावर चित्र धूसर-स्पष्ट-धूसर होत राहतं, ते यामुळे. अशा वेळी शटर पुन्हापुन्हा अर्धं दाबत बसण्याऐवजी झूम थोडा मागे घ्यावा, तिथे फोकस जुळू द्यावा आणि मग पुढे जावं. झूम बदलला की फोकसही थोडा सरकतो, त्यामुळे पुढे गेल्यावर एकदा पुन्हा अर्धं दाबावंच लागतं. पण आता भिंग योग्य जागेच्या आसपास असतं, त्याला अख्खा पल्ला धुंडाळावा लागत नाही.

दुसरी तक्रार फुलपाखरांवाल्यांची. चार मीटरवर घाणेरीच्या झुडपावर फुलपाखरू बसलंय, झूम पूर्ण ताणलाय आणि काही केल्या फोकस होत नाही. कॅमेरा बिघडलेला नसतो. पी१००० पूर्ण झूमवर सात मीटरच्या आत फोकस करूच शकत नाही, पी९००ची हीच मर्यादा पाच मीटर आहे. तोच पी१००० रुंद बाजूला, मॅक्रो लावल्यावर एक सेंटिमीटरवरचं फूलही टिपतो. मधल्या झूमला ही मर्यादा मधली कुठली तरी असते. म्हणून उपाय दोनच. काही पावलं मागे सरावं, नाहीतर झूम मागे घ्यावा. पहिल्याने फुलपाखरू उडत नाही, दुसऱ्याने पायही हलवावे लागत नाहीत. सोनीच्या आरएक्स१० फोरची गोष्ट वेगळी. त्याचा झूम ६०० मिलिमीटरलाच थांबतो, पण त्या टोकालाही तो पाऊण मीटरच्या आत फोकस करतो. फुलपाखरं आणि चतुर टिपणाऱ्यांना त्याचं कौतुक वाटतं ते उगाच नाही.

तिसरी अडचण मधे येणाऱ्या काडीची. माळावर चंडोल बसलाय आणि कॅमेऱ्याने पुढचं गवत धरलंय, हा अनुभव सार्वत्रिक आहे. कॅमेऱ्याला चंडोल कळत नाही, त्याला कडा कळतात, आणि उन्हात चमकणाऱ्या गवताच्या पात्याला चंडोलाच्या मातकट पिसांपेक्षा ठळक कडा असतात. यावर पहिला इलाज म्हणजे फोकसचं क्षेत्र सर्वांत लहान, मधल्या ठिपक्याएवढं ठेवणं. दुसरा इलाज जुन्या छायाचित्रकारांचा. पक्षी जेवढ्या अंतरावर आहे तेवढ्याच अंतरावरचा दगड किंवा कुंपणाचा खांब शोधायचा, त्यावर फोकस करून शटर अर्धं दाबून धरायचं आणि तसंच कॅमेरा पक्ष्यावर न्यायचा. अंतराचा अंदाज मात्र बरोबर हवा. पूर्ण झूमवर वीस मीटरवरच्या पक्ष्याच्या बाबतीत, गणिताने, जेमतेम अर्धी वीत खोलीचाच भाग नीट स्पष्ट येतो. खांब हातभर पुढे असला तर डोळ्याऐवजी समोरच्या काटक्याच रेखीव येतील.

कॅमेऱ्याला हे साधत नसेल तर फोकस हाती घ्यायचा. पी१०००मध्ये नळीभोवतीचं कडं फिरवून तो करता येतो. पी९००वर बाजूच्या खटक्याला हे काम नेमून देता येतं, मग तो झूमऐवजी फोकस हलवतो. स्पष्ट झालेल्या कडा रंगवून दाखवणारी ‘पीकिंग’ची सोय इथे फार कामी येते.

हाती घेतलेल्या फोकसची खरी कसोटी रात्री लागते. पी९०० आल्यावर त्याने टिपलेल्या ताऱ्यांच्या ध्वनिचित्रफिती इंटरनेटवर धुमाकूळ घालू लागल्या. तारे म्हणजे पाण्यात थरथरणाऱ्या रंगीत तबकड्या आहेत, असं त्यांत दिसायचं, आणि पृथ्वी सपाट मानणाऱ्या मंडळींना त्यातून मोठाच पुरावा सापडला. प्रत्यक्षात तो चुकलेला फोकस होता. काळ्या आकाशातल्या एका ठिपक्यावर कॅमेऱ्याला पकडण्याजोगं काही मिळत नाही, भिंग भलत्याच जागी थांबतं, ठिपका पसरून तबकडी होते आणि वातावरणातली हलती हवा तिला थरथरवते. फोकस नीट जुळवला की तोच तारा पुन्हा टिंब होतो.

ग्रहांसाठी मार्ग सोपा आहे. आधी चंद्राच्या कडेवर किंवा क्षितिजावरच्या दूरच्या दिव्यावर फोकस जुळवायचा, फोकस हाताच्या पद्धतीवर नेऊन तिथेच बांधायचा आणि मग गुरूकडे वळायचं, झूमला हात न लावता. गुरू तेव्हा चौकटीत साधारण ऐंशी-नव्वद पिक्सेल रुंद दिसतो, शेजारी त्याचे चार मोठे चंद्र टिंबांसारखे.

खुद्द चंद्राशी गाठ पडते तेव्हा पुन्हा मागे येण्याचाच प्रश्न उभा राहतो. ३००० मिलिमीटरला चौकटीची उंची साधारण अर्धा अंश भरते आणि चंद्राचा व्यासही तेवढाच. पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना तो वरखाली कापलाही जातो. शिवाय पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो साधारण दोन मिनिटांत आपल्याच रुंदीइतका सरकतो. झूम २००० मिलिमीटरच्या आसपास ठेवला तर चारी बाजूंनी मोकळी जागा राहते आणि तिपाई सारखी हलवावी लागत नाही.

एका बाबतीत मात्र कुठलंच बटण उपयोगी पडत नाही. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या माळावरून किंवा डांबरी रस्त्यावरून दूरवर रोखलं की हवेच्या लहरींत कडाच विरघळतात. फोकस कितीही बरोबर असला तरी फोटो मऊच येतो. त्यासाठी सकाळी लवकर निघावं लागतं, किंवा विषयाच्या जवळ जावं लागतं.

सरावासाठी जंगल गाठायची गरज नाही. विजेच्या तारेवरचा वेडा राघू उत्तम गुरू आहे, कारण किडा पकडून तो बहुधा त्याच जागी परत येतो. मध्यम झूमवर त्याला धरायचं, पूर्ण झूमवर जायचं, तो उडाला की बटण दाबून मागे यायचं, परतला की सोडायचं. पंधरा मिनिटांत अंगठ्याला बटणाची जागा न पाहता कळू लागते.

पुढच्या लेखांकात हाताच्या थरथरीचा विचार करू: कंपनरोधक यंत्रणा भिंगात नेमकं काय हलवते, पाच स्टॉपची मदत म्हणजे किती आणि कॅमेरा तिपाईवर ठेवल्यावर ती बंद का करायची.