राखणीच्या कुत्र्याच्या दातांची निगा

बैलाचा व्यवहार ठरविताना त्याचा जबडा उघडून दात पाहण्याची चाल सर्वत्र आहे. मात्र त्याच बैलाच्या गोठ्याची व खळ्याची राखण करणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाकडे सहसा कोणी पाहत नाही. तोंडाला घाण येऊ लागली तरी 'कुत्रे म्हटले की वास यायचाच' असे म्हणून ती गोष्ट सोडून दिली जाते. ही समजूत चुकीची आहे. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला उग्र दुर्गंधी येत नाही. ती येणे हे बहुधा दात किंवा हिरड्या बिघडल्याचे लक्षण होय.

पिलाला दुधाचे २८ दात असतात. ते पडून सहा-सात महिन्यांच्या वयापर्यंत ४२ कायमचे दात येतात. त्यांत १२ पुढचे दात, ४ सुळे, १६ उपदाढा व १० दाढा असतात.

दातांवर अन्नकण, लाळ व जंतू यांचा चिकट थर रोज साचतो. तो वेळीच पुसला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे थोड्याच दिवसांत कठीण होऊन त्याचे पिवळे-तपकिरी कीटण बनते. कीटणामुळे हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, पुढे दाताचा आधार झिजतो व दात हलू लागतो. असे जनावर वेदनेमुळे पोटभर खात नाही आणि हळूहळू खंगते.

हे टाळण्याचा उपाय घरच्या घरी करता येतो. पिलू लहान असतानाच त्याला तोंडाला हात लावून घेण्याची सवय लावावी. प्रथम काही दिवस ओठ उचलून केवळ हिरड्यांवरून बोट फिरवावे. पुढे बोटाला स्वच्छ, मऊ ओले फडके गुंडाळून दात पुसावेत. कुत्रे सरावले म्हणजे लहान मुलांचा मऊ ब्रश वापरण्यास हरकत नाही. गालाकडील बाजूवर, विशेषतः वरच्या दाढांवर, कीटण अधिक साचते; म्हणून तेथे अधिक लक्ष द्यावे. हे काम रोज करणे उत्तम. कुत्रे गुरगुरल्यास बळजबरी करू नये.

दात घासण्यासाठी साधे पाणी पुरेसे आहे. माणसांची टूथपेस्ट वापरू नये. कुत्रे ती गिळते, आणि काही पेस्टमध्ये असणारे झायलिटॉल त्याला विषारी ठरते. मिशरीतील तंबाखूही विषारीच आहे. राखुंडीने दात घासले असता ते झिजतात. शिजविलेली हाडे देऊ नयेत. त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या घशात व आतड्यांत रुततात. फार कठीण हाडाने दाढ फुटण्याचा संभव असतो.

एकदा कठीण झालेले कीटण फडक्याने निघत नाही. ते खिळ्याने किंवा चाकूने खरवडू नये. एकाच बाजूने चावणे, पंजाने तोंड घासणे, हिरड्यांतून रक्त येणे किंवा डोळ्याखाली सूज येणे, यांपैकी काही आढळल्यास कुत्र्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. तेथे भूल देऊन दात साफ केले जातात.

येथे एक गोष्ट कटाक्षाने ध्यानात ठेवावी. कुत्र्याचा जबडा लोंबत असेल, लाळ सतत गळत असेल, त्याला गिळता येत नसेल, आवाज किंवा स्वभाव एकाएकी बदलला असेल, तर घशात हाड अडकले असावे असे समजून तोंडात हात घालू नये. पिसाळ रोगातही हीच लक्षणे दिसतात, आणि त्याचे विषाणू लाळेत असतात. अशा कुत्र्यापासून माणसे व गुरे दूर ठेवून पशुवैद्यकास तात्काळ कळवावे. कुत्रे चावल्यास किंवा लाळ जखमेला लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस टोचून घ्यावी. या रोगाची लक्षणे माणसात उमटल्यावर उपचारांनी तो वाचणे जवळजवळ अशक्य असते.

म्हणून पिलू तीन महिन्यांचे होताच त्यास पिसाळ रोगाची प्रतिबंधक लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती वेळच्या वेळी देत जावी. गावातील कार्यकर्त्यांनी गुरांच्या लसीकरणाच्या वेळी घरोघरच्या कुत्र्यांचीही विचारपूस करावी. लस टोचलेल्या कुत्र्याच्या दातांची निगा धन्याला निर्धास्तपणे राखता येते.