एचआयव्ही-उपचारांचे चयापचय व यकृतावरील दुष्परिणाम : उजनी धरणाकाठच्या गावांच्या संदर्भात

प्रस्तावना : भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि माढा-करमाळा तालुक्यांतील जिरायत शिवाराचे रूप पालटले. ऊस व केळी आली, साखर कारखाने आले. त्यांच्यामागोमाग ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आल्या. टेंभुर्णीवरून जाणारा पुणे-सोलापूर महामार्गही याच पट्ट्यातला. एचआयव्हीच्या संदर्भात स्थलांतर आणि महामार्ग यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. उपचार सुरू झाल्यावर रुग्णाच्या शरीरात काय घडते, हा प्रश्न मात्र वैद्यकाचा म्हणून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः तो तितकाच सामाजिक आहे.

भारतात शासनाने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी उपचार सुरू केले. प्रारंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्या काळी स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन व नेव्हिरॅपिन हे संयुक्त औषध सर्रास दिले जाई. ते स्वस्त होते आणि त्याने असंख्य प्राण वाचले, हे प्रथम नमूद केले पाहिजे. परंतु स्टॅव्हुडिन पेशींतील तंतुकणिकांच्या डीएनएची निर्मिती रोखते. तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र. ते मंदावले की हातापायांना मुंग्या येतात, यकृतात चरबी साठते आणि क्वचित रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढून जीवावर बेतते. गाल, हात व पाय यांवरील चरबीही झडते. शहरात बसलेले गाल कोणी पाहत नाही. गावात पाहतात, आणि त्यावरून तर्क बांधतात. रुग्णाने गुप्त राखलेले निदान त्याच्या चेहऱ्यानेच उघड करावे, असा हा दुष्परिणाम होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली व पुढे ते आपल्या कार्यक्रमातूनही गेले.

यकृताचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. नेव्हिरॅपिनमुळे होणारी यकृतहानी प्रामुख्याने पहिल्या काही आठवड्यांत दिसे. पहिले १४ दिवस निम्मी मात्रा देत. सीडी-४ पेशींची संख्या २५० हून अधिक असलेल्या स्त्रियांना धोका जास्त. म्हणजे प्रकृती तुलनेने बरी असलेलीच स्त्री अधिक असुरक्षित! शिवाय क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही औषधेही यकृतावर भार टाकतात. त्यात दारूची भर पडली, तर वेगळे सांगावयास नको. कावीळ झाली की झाडपाल्याचे औषध घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ‘गोळ्या उष्ण पडल्या’ असे म्हणून रुग्ण दोन्ही उपचार आपल्या बुद्धीने मागेपुढे करतो. औषधामुळे झालेली कावीळ अशा वेळी साधी समजली जाते आणि एसजीपीटीची तपासणी राहून जाते.

आपण होऊन गोळ्या थांबविणे हाही उपाय नव्हे. टेनोफोव्हिर व लॅमिव्हुडिन ही औषधे हिपॅटायटिस-बी विषाणूलाही आवर घालतात. दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णाने ती अचानक बंद केल्यास दबलेला यकृतदाह उसळतो. हंगामात फड बदलत फिरणाऱ्या मजुराच्या बाबतीत असा खंड पडणे सहज शक्य आहे. त्याला ‘गोळ्या चुकवू नका’ एवढेच सांगून भागत नाही. त्याचे कारण यकृताच्या भाषेत सांगावे लागते.

२०२० नंतर कार्यक्रमात डोल्युटेग्रॅव्हिरयुक्त गोळी टप्प्याटप्प्याने रूढ झाली. दिवसातून एकच गोळी, आणि यकृतहानीचे प्रमाण कमी. आता तक्रार उलटी आहे : वजन वाढते, आणि काही रुग्णांत रक्तशर्कराही. वजन वाढल्याचा घरच्यांना आनंदच होतो, त्यामुळे साखर तपासण्याचे कोणास सुचत नाही. येथे आणखी एक अडचण संभवते. डोल्युटेग्रॅव्हिर हे मधुमेहावरील मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढविते. म्हणून दोन्ही चालू असताना मेटफॉर्मिनची मात्रा सामान्यतः दिवसाला १००० मिलिग्रॅमपुरती मर्यादित ठेवतात. एआरटी केंद्रात ही नोंद असते. परंतु टेंभुर्णी वा जेऊरसारख्या बाजारगावी मधुमेहाची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना रुग्णाने एआरटीविषयी सांगितलेच नाही, तर ती नोंद निरुपयोगी ठरते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची गोपनीयता व भेदभावापासून संरक्षण या दोन्हींची हमी दिली. ओळखीच्या दवाखान्यात बाकावर शेजारी गावचाच माणूस बसलेला असताना तोंड उघडण्याचे धैर्य कायद्याने कसे यावे, हा प्रश्न आपल्या अभ्यासाचा आहे.