बेडकांसाठी पाणी

सकाळी ६

आज नळाचा दिवस. जतमध्ये फिश टँकचं काम करायचं तर गिऱ्हाइकाआधी पाणी सांभाळावं लागतं, म्हणून उठल्याबरोबर पिंपं भरायला लावतो. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. झाकणाच्या छोट्या पिंपात फिल्टरचं, ते जारवाला आणून देतो. तिन्ही पाणी दिसायला सारखीच. पण बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून घेतो. पाण्यात जे विरघळलंय ते थेट त्याच्या अंगात जातं. नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर असते, म्हणून ते पिंप उघडं ठेवून हवेचा दगड सोडतो आणि दुसऱ्या दिवशीच वापरतो. घाई असेल तर क्लोरीन मारायला हायपोचे खडे. बोअरचं पाणी जड, हंड्याच्या आत पांढरा थर धरणारं. आणि नुसतं फिल्टरचं पाणी इतकं पोकळ की त्यावर कुठलाच जीव फार दिवस तगत नाही.

आज दोन कामं आहेत. विजापूर रस्त्याकडच्या एका घरी नवी टाकी लावायची. संध्याकाळी गावातल्या दुसऱ्या एका घरी बेडकांची पिल्लं सोडायची. त्या घरची टाकी मी महिन्यापूर्वीच लावून, पाणी भरून ठेवली आहे. लोकांना या महिन्याचं नवल वाटतं. माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म त्या महिन्यातच आहे.

सकाळी ८

दुकानात आधी पिल्लांची टाकी बघतो. हे आफ्रिकेतले बुटके बेडूक, हायमेनोकायरस. काँगोच्या खोऱ्यातल्या संथ, उथळ पाण्यातले. पूर्ण वाढले तरी चार सेंटिमीटरच्या आसपास. आत्ताचे नखाएवढे आहेत. जमिनीवर यांचं काम नाही. टाकीतून उडी मारून बाहेर पडले तर थोड्या वेळात वाळून मरतात. यांना जीभ नसते, भक्ष्य तोंडात ओढून घेतात. डोळे अधू, वासावर चालतात.

बाजारात यांच्या नावाखाली दुसराच बेडूक खपतो, म्हणून प्रत्येक पिल्लाचे पुढचे पाय भिंगातून बघतो. पुढच्या बोटांमध्ये पडदा असेल तर बुटका. पडदा नसेल, बोटं सुटी असतील आणि डोळे डोक्याच्या वर असतील, तर तो झेनोपस. तो तळहाताएवढा होतो आणि टाकीतले मासे, बुटके बेडूक, जे तोंडात मावेल ते गिळतो. पांढरा-गुलाबी झेनोपस लहानपणी फार गोंडस दिसतो आणि तिथेच लोक फसतात. १९३० च्या दशकात गर्भधारणेच्या चाचणीसाठी हा झेनोपस दक्षिण आफ्रिकेतून जगभर गेला. पुढे त्याला लोकांनी सोडून दिलं आणि चिली, कॅलिफोर्निया, फ्रान्स, पोर्तुगाल इथल्या तळ्यांत तो माजला. मी तो विकत नाही.

सकाळी १०

पहिलं घर. डाळिंबाची बाग असलेलं कुटुंब. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. खिडकीशेजारी ठेवायची म्हणून त्यांनी आधीच टेबल मांडलेलं. मी भिंतीला हात लावून बघतो. पश्चिमेची भिंत, वर पत्रा. माघ सरत आलाय. पहाटे अंगावर चादर लागते आणि दुपारी पत्रा तापतो. बेडकाला २४ ते २६ अंश मानवतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते दिवसभर एकसारखं हवं. टाकी आतल्या खोलीत, माळवदाखाली न्यायला सांगतो. भरल्यावर पाणी, वाळू, काच मिळून पन्नास किलोच्या आसपास वजन होतं, म्हणून टेबलाऐवजी कडाप्प्याचा कट्टा. खाली थर्माकोल, नाहीतर एखाद्या खड्यावर काच तडकते.

घरातले अण्णा वाळूची पाटी घेऊन येतात. "वड्यातली हाय, चाळून ठेवलीया."

मूठभर वाळू ताटलीत घेऊन वर लिंबू पिळतो. बारीक बुडबुडे येतात. आपल्या भागातल्या मातीत चुनखडी असते, ती ओढ्याच्या वाळूतही उतरते आणि आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करते. अण्णांना ते बुडबुडे दाखवतो. ते पाटी परत नेतात. मी आणलेली काळी बारीक वाळू सात-आठ पाण्यांनी धुऊन घालतो. रंगीत खडी मात्र कुणी कितीही मागितली तरी घालत नाही. बेडूक खाताना तळावर झडप घालतो, खडा पोटात गेला की संपलं. खड्यांच्या फटीत पाय अडकला तर वर येऊन श्वास घेता येत नाही.

हा श्वास नीट समजून घ्यायला हवा. हे प्राणी पाण्यात राहतात, पण फुप्फुसाने श्वास घेतात. दर थोड्या वेळाने त्यांना पृष्ठभागावर यावंच लागतं. म्हणून एक फुटाच्या टाकीत मी पाणी बावीस सेंटिमीटरच भरतो, ते साधारण चाळीस लिटर होतं. वर हवेची पोकळी आणि घट्ट बसणारं जाळीचं झाकण. पाण्याला ओढ नको, म्हणून मोटारीचा फिल्टर न लावता हवेवर चालणारा स्पंज फिल्टर. लाइट गेली की मासे हवेसाठी तडफडू लागतात, बेडूक तसे गुदमरत नाहीत. पण स्पंजात वाढणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, म्हणून एअर पंप इन्व्हर्टरवर टाकायला सांगतो.

आत फुटक्या मडक्याची दोन खापरं, कडा घासून बोथट केलेली. लपायला जागा नसली की पिल्लं खाणं सोडतात. आणि एका कोपऱ्यात मातीची पणती, ते त्यांचं ताट.

दुपारी १२

पाणी घालून झालं. अर्धं मुरवलेलं नळाचं, पाव बोअरचं, पाव फिल्टरचं. आता बेडूक कधी, असं घरातली मुलं विचारतात. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका, कुणी खाणारं नसलं तरी टाका, असं सांगतो. ते कुजून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं पाणी बदलून आटोक्यात राहतं. हे जिवाणू स्पंजावर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर टाकी नुसती बघायची.

अण्णांशी मात्र वेगळं बोलावं लागतं. बागेत बोर्डो मारलेला हात, मोरचूद कालवलेली बादली, फवारणीचे कपडे यांतलं काहीही या टाकीजवळ येऊ नये. बोर्डो-मोरचुदातलं तांबं बेडकाला घातक. पाण्यासाठी स्वतंत्र बादली, तिच्यावर रंगाने खूण. खोलीत मच्छर अगरबत्ती लावायची नाही, पंप तोच धूर पाण्यात ओढतो.

निघताना अण्णा विचारतात, "मग पावसाळ्यात वड्यात एवढं बेडूक असत्यात, त्यातलंच एक धरून आणलं तर?"

नको. आपल्या रानातल्या बेडकाला रान हवं, वर्षाचा कितीतरी काळ तो मातीत दडून काढतो. त्यांतल्या काही जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षणही आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपल्या देशाने १९८७ मध्ये थांबवली, त्यामागे बेडूक शेतातल्या किडी खातो हाही विचार होता. अण्णा मान हलवतात. लहानपणी पाऊस लांबला की ते धोंडी मागत दारोदार हिंडलेत, काठीला बेडूक बांधून. या तालुक्यात पावसासाठी बेडकाकडे बघायची रीत जुनी आहे. त्या आठवणीमुळे असेल, ते पुढे फार बारकाईने ऐकतात.

दुपारी ३

दुकान. ऊन चढलंय. पिल्लांच्या टाकीचं पाणी २८ अंशांवर गेलंय, म्हणून टेबलफॅनचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवतो. इथली हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय चांगला लागू पडतो, पाणी उडतं आणि दोन-तीन अंश उतरतं. कोकणात दमट हवेत हे इतकं जमत नाही. पण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याची भर फिल्टरच्या पाण्याने करायची, बोअरच्या नाही. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी आलं तरी इथला माणूस पाणी मोजूनच वापरतो, त्यामुळे हा हिशोब समजावायला मला कधी फार बोलावं लागलं नाही.

संध्याकाळी ६

दुसरं घर. सातवीतली मुलगी दारातच उभी. आजी आतून कानडीत हाक मारते, ती मराठीत ओ देते. महिनाभर तिने खाद्य टाकलंय आणि वहीत लिहिलंय. थेंबांच्या किटने आम्ही दोघं पाणी तपासतो. अमोनियाची नळी पिवळी, म्हणजे शून्य. नायट्राइटची फिकट निळी, तेही शून्य. नायट्रेट केशरीकडे झुकलेलं. टाकी पिकली.

"काका, सोडायची का आता?"

पिशवी आधी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग टाकीतलं पाणी पेलापेलाने तिच्यात घालायचं. त्यानंतर मऊ जाळीने एकेक पिल्लू उचलून सोडायचं. पिशवीतलं पाणी टाकीत नको. चार पिल्लं, सोबत मासे नाहीत. मासे चपळ असतात, या अधू डोळ्यांच्या पिल्लांच्या तोंडचा घास तेच पळवतात. पहिलं पिल्लू खापराखाली शिरतं, दुसरं सरळ वर येऊन श्वास घेतं.

आज खायला काही नाही. उद्यापासून रोज एकदा, गोठवलेले ब्लडवर्म पाण्यात वितळवून चिमट्याने पणतीत. गांडूळखताच्या खड्ड्यातलं बारीक गांडूळ चिरून दिलं तरी चालतं. मोठे झाल्यावर एक दिवसाआड. पोट डोक्याहून फुगलं तर थांबायचं. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही.

आजीला हात धुण्याचं सांगतो, आणि ते नातीच्या देखत सांगतो. २००९ ते २०११ च्या दरम्यान अमेरिकेत याच बुटक्या बेडकांच्या टाक्यांमधून साल्मोनेलाची साथ पसरली, आजारी पडलेल्यांत लहान मुलंच जास्त होती. बेडूक धडधाकट दिसला तरी जंतू असू शकतात. टाकीला हात लावला की साबण, आणि टाकीचं पाणी मोरीत ओतायचं, स्वयंपाकघरात कधीच नाही.

"मग ते पाणी तुळशीला घातलं तर?" आजी विचारते. कुंडीला चालेल, उत्तम खत आहे, पण पानं खायची असतील त्या कुंडीला नको. आणि एक गोष्ट मी दोघींकडून कबूल करून घेतो. कंटाळा आला, गाव सोडायची वेळ आली, काहीही झालं तरी हे बेडूक किंवा हे पाणी बिरनाळ तलावात, ओढ्यात, विहिरीत जाणार नाही. बेडकांना कातडीचा एक बुरशीजन्य रोग होतो, कायट्रिड. त्याने जगभर बेडकांच्या जातीच्या जाती पुसल्या आहेत आणि पाळीव बेडकांच्या व्यापारातून तो पसरतो. नको झालेली पिल्लं माझ्याकडे परत आणायची, मी पैसे मागणार नाही.

रात्री ८

मुलीच्या वहीत तीन ओळी लिहून देतो: तापमान सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा. झाकण बंद आहे ना. चारही पिल्लं दिसली ना. दोन दिवस एकानेही खाल्लं नाही तर फोन करायचा. घरी येऊन सकाळचं नळाचं पिंप बघतो, टीसीएलचा वास अजून आहे. हवेचा दगड रात्रभर चालू ठेवतो. उद्या त्यातलंच पाणी दुकानातल्या टाक्यांना लागेल.