लाल शाल

शाळेच्या वेबपानावर यंत्रांना मजकुराचा अर्थ कळवणाऱ्या स्किमाच्या खुणा कशा घालायच्या ते या आठवड्यात सांगतो म्हणालो होतो. ते आता पुढच्या आठवड्यावर. अर्धापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या सरांनी फोटो पाठवलाय, आणि त्यात माझा इतका जुना आवडता विषय निघाला की बाकीचा बेत बारगळला.

फोटोत एका बाजूला बालभारतीचं पुस्तक उघडं आहे, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. सरांच्या मुलांनी गावावर एक पान तयार केलंय. त्यात अर्धापुरी केळी आहेत, हळद आहे, इसापूर धरणाचा कालवा आहे. मजकूर झकास. पण पुस्तकातल्या ‘कालव्या’चा ल पाकळ्यांचा, तर पडद्यावरचा ल उजवीकडे उभा दंड असलेला, हिंदीच्या पुस्तकात असतो तसा. ‘शाळा’मधला श सुद्धा तसाच परका. दुसरीतल्या एका पोरीने म्हणे सरळ विचारलं, “सर, कॉम्प्युटरला ल येत नाही का?” सरांनी नोटो सॅन्स देवनागरी हा फाँट घालून पाहिला, तरी ल जागचा हलला नाही.

फाँटाचा दोष नाही, सर. कॉम्प्युटर अक्षराचं चित्र साठवतच नाही, तो आकडा साठवतो. युनिकोडमध्ये ल म्हणजे २३५४ आणि श म्हणजे २३५८. मराठी असो, हिंदी असो, नेपाळी असो, आकडा तोच. त्या आकड्याला रूप देतो फाँट. नोटोसारख्या फाँटाच्या पोटात दोन्ही तऱ्हांचे ल असतात. त्यातला कोणता काढायचा हे ठरवण्यासाठी मजकुराची भाषा कोणती ते कळावं लागतं. ते कोणी सांगितलंच नसेल तर फाँट आपला नेहमीचा ल काढून देतो, आणि तो बहुतेक वेळा हिंदी वळणाचा असतो.

भाषा सांगायची जागा पानाच्या अगदी माथ्यावर आहे. एचटीएमएल या टॅगमध्ये ‘लँग’ लिहायचं आणि त्यापुढे मराठीची दोन अक्षरं, एम आणि आर. १९९७ च्या अखेरीस एचटीएमएल ४ आलं तेव्हापासून ही सोय आहे. सरांना म्हटलं, कंट्रोल धरून यू दाबा आणि पानामागच्या कोडची वरची ओळ वाचा. तिथे होतं ईएन. म्हणजे केळीपासून कालव्यापर्यंत एकूण एक शब्द मराठी, आणि पान जगाला सांगतंय की मी इंग्रजी! साचा आयता मिळालेला, त्यात ईएन आधीच भरलेलं, आणि ती ओळ कोणी कशाला वाचेल? शाळांची पानं उघडून आतली ओळ पाहायची मला खोड आहे. ईएन इतक्या ठिकाणी दिसतं की आता एमआर दिसलं की पान कोणी केलं ते शोधावंसं वाटतं.

सरांनी दोन अक्षरं बदलली. ल ला पाकळ्या फुटल्या, श सुधारला.

वर्गात दाखवायचं असेल तर नोटपॅडमध्ये एकाखाली एक दोन ओळी लिहा. दोन्हींत ‘लाल शाल’ एवढंच, फाँट नोटो. एका ओळीच्या टॅगला लँग एमआर द्या, दुसरीला एचआय, म्हणजे हिंदी. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करून ब्राउझरमध्ये उघडा. शब्द तेच, आकडे तेच, आणि शाली दोन तऱ्हांच्या.

हे नुसतं अक्षरांचं नटणं नाही. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं म्हणून सांगितली. मूल फळ्यावर ती गिरवतं आणि पडद्यावर दुसरीच बघतं. पण माझा खरा जीव आहे तो पुढच्या गोष्टीत.

शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका आठवा, कृतिदेव किंवा शिवाजी फाँटात टाइप केलेल्या. त्यात ल देखणा दिसायचा, कारण इंग्रजी अक्षराच्या जागेवर ल चं चित्र बसवलेलं असायचं. फाँट काढून घेतला की खाली उरायची इंग्रजी अक्षरांची खिचडी. म्हणून त्या प्रश्नपत्रिका आजही शोधून सापडत नाहीत. युनिकोडने अक्षराला ओळख दिली. पण ते अक्षर कोणत्या भाषेत उभं आहे, ही माहिती त्या आकड्यात नाही. ती वेगळी लिहावी लागते. आपण गेले काही आठवडे माहितीबद्दलच्या माहितीविषयी बोलतोय, तिचा याहून छोटा नमुना मला ठाऊक नाही.

आणि ती केवळ डोळ्यांसाठी नाही. दृष्टिहीन मुलं एनव्हीडीएसारखं वाचक सॉफ्टवेअर वापरतात. कोणता आवाज लावायचा हे ते याच लँगवरून ठरवू शकतं. पानावर एचआय असेल तर हिंदी आवाज ‘विज्ञान’ला ‘विग्यान’ म्हणणार, ‘चाक’मधला च ‘चहा’मधल्यासारखा काढणार. ईएन असेल तर इंग्रजी आवाज देवनागरीपुढे अडखळणार. वेबपानं सर्वांना वापरता यावीत म्हणून जे जागतिक निकष आहेत, त्यांत पानाची भाषा सांगणं ही अगदी पहिल्या पातळीची अट आहे. शाळेच्या पानाने तरी ती चुकवू नये.

मागच्या आठवड्यात वस्तू, तिचा गुण आणि त्याचं मूल्य अशा तीन पदांत माहिती मांडली होती; त्या तिकड्या ज्यांनी वहीत उतरवल्या असतील त्यांनी एक भर घालावी. तिकडीचं तिसरं पद जेव्हा नुसता मजकूर असतो, तेव्हा आरडीएफ या तिकड्या मांडायच्या पद्धतीत त्याला भाषेची खूण जोडता येते. एकाच गावाला मराठी खुणेने ‘अर्धापूर’ आणि हिंदी खुणेने ‘अर्धापुर’ अशी दोन नावं लावली तरी गाव एकच राहतं. नांदेडचंही तसंच, हिंदीत ड खाली नुक्ता येतो. खुणा नसतील तर यंत्र यातलं एक नाव चुकीचं समजून मोकळं होईल, किंवा दोन गावं करून ठेवेल. विकिडेटावर प्रत्येक नोंदीला भाषावार नावं असतात ती याचसाठी.

सरांचा आणखी एक प्रश्न आहे: व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या मजकुरातला ल कसा सुधारायचा? तो पाठवणाऱ्याच्या हातात नाही. तिथे भाषेची खूण लावायला जागाच नाही. २३५४ हा आकडा जातो आणि समोरच्याच्या फोनमधला फाँट व त्याची सेटिंग दाखवेल तो ल त्याला दिसतो. पालकांना सूचना नेमक्या रूपातच जायला हव्या असतील तर पान मराठी म्हणून बनवून त्याची पीडीएफ पाठवा. तीत फाँट सोबत बांधलेला असतो, त्यामुळे रूप बदलत नाही.