आधी प्रवेश, निदान सोबतीने

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता यांसारख्या विकासात्मक अपंगत्वाचा परिणाम मुलाच्या हालचालींवर, बोलण्यावर, शिकण्यावर किंवा वागण्यावर होतो. मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने होते, त्यामुळे मदतही त्याच वयात सर्वाधिक लागू पडते. कायद्याचा आधार मात्र नेमका इथेच तोकडा आहे. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून पुढे बोलतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो, तो ६ ते १८ या वयासाठी. त्याआधीच्या वर्षांसाठी गावात किंवा वस्तीत हाताशी असते ती अंगणवाडी.

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली होती, ती तिच्या कितीतरी आधी. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर शाळेने त्याच्यापर्यंत जायचे, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. दिव्यांग मुलांच्या बाबतीत ते अजून पुरते अमलात आलेले नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. सेविकेने लक्षणे लवकर हेरावीत, मुलाला आणि कुटुंबाला गावाच्या कार्यक्रमांत सामील करून घ्यावे आणि आशा, एएनएम व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत पुढे पाठवावे, असा तिचा गाभा आहे. हे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करते, पुढचे उपचार जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होतात. नऊ महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे चालत नाही, दोन वर्षांचे दोन शब्द जोडून बोलत नाही, या खुणा ओळखायला यंत्र लागत नाही. रोज मुले पाहणाऱ्या सेविकेच्या त्या सहज नजरेत येतात.

खरी तूट त्यानंतर पडते. केंद्र जिल्ह्याच्या गावी, आईची रोजंदारी बुडते, थेरपी महिन्यातून एखाद-दोनदा होते. उरलेले दिवस मूल घरात पडून असते, कारण ‘जरा सुधारला की पाठवा’ असे कुणीतरी सांगितलेले असते. हा क्रमच उलटा आहे. अंगणवाडीतला रोजचा वावर हाच सुधारणेचा मोठा भाग असतो.

तो वावर कसा घडवायचा, हे खिचडीच्या वेळी कळते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवे धरून भरवले, तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला ताठ बसवावे लागते, पाठीला आधार आणि पावलांखाली पाट लागतो, मान मागे कलणार नाही हे पाहावे लागते. खिचडी मऊ घोटायची, लहान चमच्याने द्यायची आणि घास गिळला गेल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. एका मुलाला यात सहज अर्धा तास जातो, आणि मदतनिसाला तेवढ्यातच बाकीच्यांना वाढून भांडीही आवरायची असतात. सेविका-मदतनीस या दोघींवर हे ओझे टाकून समावेशक अंगणवाडी उभी राहणार नाही. अशी मुले जिथे आहेत, तिथे आणखी एक प्रशिक्षित, पगारी हात हवाच.

स्वमग्न मुलाची गरज निराळी. त्याला बडबडगीतांचा गलका असह्य होऊ शकतो, खेळ अचानक बदलला की ते बिथरते. दिवसाचा क्रम दाखवणारी चित्रे भिंतीवर लावली, बदलाआधी तसे सांगितले आणि बसायला एक शांत कोपरा दिला, तर बरेच साधते. यासाठी पैसा फारसा लागत नाही, प्रशिक्षण लागते. ते सभागृहात भाषणे ऐकून मिळत नाही. थेरपिस्टने अंगणवाडीत येऊन, त्याच मुलासोबत काम करून दाखवावे लागते.

घरच्यांना आर्थिक आधारही हवा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी एक लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण आहे. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. अंगणवाडीत नाव घालायला मात्र ते लागत नाही. शेजारच्या घरात असे एखादे मूल असेल, तर त्याच्या आईला हे आजच सांगावे आणि पहिल्या दिवशी तिच्यासोबत अंगणवाडीपर्यंत जावे.