‘ऑपरेशन होणार नाही’ म्हणजे उपचार संपले, असं नाही

‘आता ऑपरेशन करता येणार नाही.’ रिपोर्ट बघून डॉक्टर एवढं बोलतात आणि समोर बसलेल्या घरच्यांना पुढचं काही ऐकूच येत नाही. बाहेर आल्यावर कुणी म्हणतं, डॉक्टरांनी हात टेकले. कुणी म्हणतं, आता या वयात आईचे हाल कशाला करायचे? गावाकडून एखाद्या औषधी पुडीचा पत्ता येतो आणि महिना-दोन महिने असेच निघून जातात.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मात्र या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा वेगळा असतो. ऑपरेशन नाही, कारण तिथे त्याहून चांगला उपाय आहे: रेडिओथेरपी आणि केमोथेरपी एकाच वेळी. हा उपाय फक्त दिवस ढकलण्यासाठी नसतो, तो कॅन्सर बरा करण्यासाठी दिला जातो. म्हणूनच या उपचारात नेमकं काय होतं आणि घरच्यांनी काय सांभाळायचं, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे. मृत्यू जवळपास ८० हजार. आपल्याकडे बायका पांढरं जाणं, मधूनच रक्त दिसणं, पाळी गेल्यानंतर पुन्हा डाग लागणं, हे सगळं अंगावर काढतात. दवाखान्यात येईपर्यंत गाठ बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजला पोचलेली असते.

ऑपरेशन का नाही?

तिसऱ्या स्टेजमध्ये गाठ गर्भाशयाच्या मुखापुरती राहिलेली नसते. ती ओटीपोटाच्या आतल्या भिंतीपर्यंत पसरलेली असते किंवा लघवीच्या नळीवर दाब देऊन मूत्रपिंडाला सूज आणते. अशा वेळी सर्जनने कितीही काढलं तरी काही पेशी मागे राहतातच. मग ऑपरेशननंतर पुन्हा रेडिएशन द्यावं लागतं आणि बाईला दोन्हींचा त्रास भोगावा लागतो.

त्याआधीच्या स्टेजचाही अनुभव बघा. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये सहाशेहून अधिक स्त्रियांवर एक अभ्यास झाला. त्यांचा कॅन्सर ‘एक बी-दोन’ ते ‘दोन बी’ या स्टेजमधला होता. काहींना आधी केमो देऊन मग ऑपरेशन केलं, तर काहींना केमो आणि रेडिएशन एकत्र दिलं. २०१८मध्ये निष्कर्ष आले. ५ वर्षांनंतर रोग न उलटलेल्या स्त्रिया ऑपरेशनच्या गटात १००मागे ६९ होत्या, तर केमो-रेडिएशनच्या गटात जवळपास ७७. जगण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच होतं. म्हणजे ऑपरेशन केलं नाही म्हणून काही हुकलं, असं मनाला लावून घेण्याचं कारण नाही.

दोन्ही एकत्रच का?

रेडिएशनचे किरण पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात. पण कॅन्सरची पेशी चिवट असते. झालेलं नुकसान ती काही तासांत दुरुस्त करू पाहते. इथे केमोचं औषध कामाला येतं. ‘सिसप्लॅटिन’ हे औषध डीएनएला चिकटून बसतं आणि ही दुरुस्ती अवघड करतं. भिंत पाडायची आणि त्याच वेळी डागडुजी करणाऱ्या गवंड्याचे हात बांधायचे, तसा हा प्रकार. म्हणून केमो आधी किंवा नंतर न देता रेडिएशन चालू असतानाच देतात. यात केमोचा डोसही आठवड्याला थोडा थोडा असतो.

सिसप्लॅटिनचा हा गुण सापडला तो योगायोगाने. अमेरिकेतले शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. पाण्यात प्लॅटिनमच्या पट्ट्या होत्या. जिवाणूंची वाढ चालू राहिली, पण त्यांचं विभाजन थांबलं. ही करामत विजेची नव्हती, पट्ट्यांमधून सुटलेल्या प्लॅटिनमच्या संयुगाची होती. हे निष्कर्ष १९६५मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७८मध्ये अमेरिकेत कॅन्सरवरचं औषध म्हणून सिसप्लॅटिनला मान्यता मिळाली. आज ते जुनं, सगळीकडे मिळणारं आणि इतर औषधांच्या मानाने स्वस्त औषध आहे.

परळमध्ये मिळालेलं उत्तर

१९९९च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने डॉक्टरांना खास सूचना दिली. पाच अभ्यासांत दिसलं होतं, की रेडिएशनसोबत सिसप्लॅटिन दिलं तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या जास्त स्त्रिया वाचतात. जगभर ही पद्धत सुरू झाली. तरी आपल्या डॉक्टरांपुढे एक प्रश्न होता. आपल्याकडची बाई येते तीच तिसऱ्या स्टेजला. अंगात रक्त कमी, खाणंपिणं यथातथा, कधी मूत्रपिंडावर आधीच ताण. तिला हे झेपेल का? आणि तिला खरंच फायदा होईल का? पुढे २००८मध्ये जगभरातल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हाही तिसऱ्या स्टेजपासून पुढचा फायदा १००मागे जेमतेम ३ दिसला.

याचं उत्तर टाटा मेमोरियलमध्येच शोधलं गेलं. २००३ ते २०११ या काळात डॉ. श्यामकिशोर श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘तीन बी’ स्टेजच्या ८५० स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्यांना नुसतं रेडिएशन दिलं, निम्म्यांना रेडिएशनसोबत दर आठवड्याला सिसप्लॅटिन. २०१८मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात निकाल छापून आला. ५ वर्षांनंतर नुसत्या रेडिएशनच्या गटात १००पैकी ४६ स्त्रिया जिवंत होत्या. एकत्र उपचारांच्या गटात ५४.

या आकड्यांतून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, तिसरी स्टेज म्हणजे शेवट नव्हे. नुसत्या रेडिएशनवरही जवळपास निम्म्या स्त्रियांनी ५ वर्षं ओलांडली. दोन, १००मागे ८ हा फरक कागदावर लहान दिसतो, पण त्या आठ घरांत आई आहे. मात्र शंभरातल्या ४६ जणी एकत्र उपचार घेऊनही राहिल्या नाहीत, हेही तितकंच खरं. म्हणून कुणी खात्री देत असेल तर सावध राहा.

आणखी एक गोष्ट. कॅन्सर फुप्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत पोचला असेल, तर हे गणित बदलतं. तिथे रेडिएशन सहसा रक्तस्राव किंवा दुखणं थांबवण्यासाठी दिलं जातं. तुमच्या माणसाला उपचार कशासाठी देणार आहेत, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

ते आठ आठवडे

सोमवार ते शुक्रवार रोज रेडिएशन, असं साधारण पाच आठवडे चालतं. लोक याला ‘लाइट घेणं’ किंवा ‘शेक’ म्हणतात. टेबलावर काही मिनिटं स्थिर पडून राहायचं. दुखत नाही, भाजल्यासारखं वाटत नाही. आठवड्यातून एक दिवस केमोचा. त्या दिवशी मूत्रपिंड सांभाळण्यासाठी सलाईन भरपूर देतात, म्हणून काही तास जातात. त्याआधी दर वेळी रक्ताची तपासणी होते.

यानंतर येते ब्रेकीथेरपी, म्हणजे आतून दिलं जाणारं रेडिएशन. योनीमार्गातून एक साधन बसवून किरण थेट गाठीपाशी पोचवतात. भूल किंवा गुंगीचं औषध देऊन हे करतात. बऱ्याच बायका याला घाबरून टाळतात. बाहेरचे शेक पूर्ण झाले, रक्त थांबलं, आता हे कशाला, असं वाटतं. पण ब्रेकीथेरपी टाळली तर रोग उलटण्याचा धोका खूप वाढतो. ती या उपचाराचाच भाग आहे, वरची भर नव्हे.

सगळे उपचार मिळून आठ आठवड्यांत संपायला हवेत. उपचार लांबले, तर त्यापुढच्या दर दिवसागणिक गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे १ टक्क्यापर्यंत घटते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आणि नेमकं इथेच घर कमी पडतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्तस्राव थांबतो, बाईला हुशारी येते आणि ‘सुगी आहे, आठ दिवस जाऊन येते’ किंवा ‘लग्न उरकून येते’ असं सुरू होतं. या वेळी तिला थांबवणं, हे घरच्यांचं सगळ्यात मोठं काम. मळणी शेजारी करतील. लग्नाची गाठ तिच्या आशीर्वादावाचून अडणार नाही.

त्रास होतो, पण आवरता येतो

मळमळ, जुलाब, लघवीला जळजळ, थकवा हे नेहमीचे त्रास. यातला बराच भाग उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. सिसप्लॅटिनने केस सहसा पूर्ण जात नाहीत, विरळ होतात. घरात एवढं सांभाळा:

• जुलाब होत असताना मऊ भात, मुगाचं वरण, केळं, पातळ ताक द्या. तिखट, तळलेलं, कच्च्या कोशिंबिरी काही दिवस बाजूला ठेवा.

• पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा आणि तेवढं पोटात जातंय ना, ते बघा. लघवी कमी झाली तर लगेच कळवा.

• अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून देऊ नका. काही गोळ्या सिसप्लॅटिनसोबत मूत्रपिंडाला घातक ठरतात. काढे आणि पुड्यांबाबतही आधी विचारा.

• कातडीवर काढलेल्या खुणा पुसू नका.

• ताप आला, कानात आवाज येऊ लागला, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

एक गैरसमज मात्र मनातून काढून टाका. बाहेरून शेक घेऊन आलेल्या बाईच्या अंगात किरण राहत नाहीत. नातवंडांनी तिच्या कुशीत झोपायला काहीच हरकत नाही. तिचं ताट-पांघरूण वेगळं करण्याची गरज नाही.

काही परिणाम मागाहून जाणवतात. तरुण स्त्रीची पाळी या उपचारांनी कायमची थांबते. योनीमार्ग अरुंद, कोरडा होऊ शकतो. त्यावर व्यायाम आणि साधनं असतात, पण बायका संकोचाने विचारत नाहीत. नवऱ्यानेही हे समजून घ्यायला हवं. काही महिन्यांनी शौचावाटे किंवा लघवीतून रक्त दिसलं, तर ते रेडिएशनमुळेही असू शकतं. घाबरून न जाता तपासून घ्या.

तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्येही

तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिला उपाय बहुधा ऑपरेशन असतो. पण गाठ पुढे गेलेली असेल तर त्यानंतर रेडिएशन आणि केमो एकत्र देतात. घशाच्या काही कॅन्सरमध्ये तर ऑपरेशन टाळून थेट हेच उपचार होतात. इथेही सिसप्लॅटिनच मुख्य. मूत्रपिंड कमजोर आहे, ऐकू कमी येतं, अशा रुग्णांना मात्र ते चालत नाही. त्यांच्यासाठी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ‘डोसिटॅक्सेल’ हे औषध वापरून पाहिलं. २०२३मध्ये आलेल्या निकालानुसार २ वर्षांनंतर नुसत्या रेडिएशनवर १००पैकी सुमारे ४२ रुग्ण जिवंत होते, तर डोसिटॅक्सेलसोबत जवळपास ५१. तेव्हा ‘केमो झेपणार नाही’ असं ऐकलंत तर दुसरं औषध चालेल का, हे विचारायला लाजू नका.

डॉक्टरांना हे विचारा

• उपचार बरं करण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी?

• एकूण किती शेक, किती केमो आणि ब्रेकीथेरपी कधी? ती याच हॉस्पिटलमध्ये होते का?

• हिमोग्लोबिन किती आहे? रक्त चढवावं लागेल का?

• मूत्रपिंडाच्या तपासणीत काय आलं?

• रेडिएशनच्या आधी सहा आठवडे केमो देण्याची नवी पद्धत आमच्या रुग्णाला लागू पडेल का? (२०२४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात या पद्धतीने ५ वर्षांनंतर १००पैकी ८० स्त्रिया जिवंत होत्या, नेहमीच्या पद्धतीने ७२. या अभ्यासात भारतातल्याही रुग्ण होत्या.)

खर्च आणि राहण्याची सोय

आठ आठवडे परगावी काढायचे म्हणजे औषधापेक्षा राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च जड जातो. म्हणून आधी जवळचं केंद्र शोधा. परळला टाटा मेमोरियल आणि खारघरला त्याचीच शाखा आहे. पण बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, इथेही कॅन्सरवर रेडिएशनचे उपचार होतात. दिल्लीत राहत असाल तर एम्सचं कॅन्सर रुग्णालय आणि हरियाणात झज्जरला त्यांचीच राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो आणि रेडिएशन दोन्ही बसतात. उपचार सुरू होण्याआधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून कागदपत्रं पूर्ण करा. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि सोबतच्यांना आसरा देते. रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यावा लागतो. समाजसेवा विभागात जाऊन हे सगळं विचारा. तिथली माणसं त्यासाठीच बसलेली असतात.

उपचार चालू असतानाच घरातल्या बाकीच्या बायकांचाही विचार करा. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यात दिसलं. तिशी ओलांडलेली सून, बहीण, जाऊ यांची तपासणी करून घ्या आणि मुलींच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला.

आणि ज्या घरात आज ‘ऑपरेशन होणार नाही’ हे वाक्य ऐकलं गेलंय, त्यांनी कॅलेंडर काढावं. पहिल्या शेकच्या तारखेपासून ५६ दिवस मोजावेत आणि शेवटच्या दिवसावर खूण करावी. त्या खुणेपर्यंत एकही शेक चुकू द्यायचा नाही.