निंबोळीचे तेल आणि विषवाणिज्य

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आणि यंत्रपीलन ही दोन्ही नावे येतात. विष विकू नये आणि घाण्यात बी पिळण्याचा धंदा करू नये, असा त्यांचा सरळ अर्थ. निंबोळीच्या तेलात तर घाणाही आला आणि किडीचे निवारणही आले. मग हा माल आपल्या पेढीवर ठेवावा की नाही?

आमच्या भोपाळात हा प्रश्न केवळ शास्त्रचर्चेचा राहत नाही. ‘सेव्हिन’ या नावाने विकले जाणारे कार्बारिल हे कीटकनाशक येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात तयार होत असे. त्यासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट हे द्रव्य १९८४ सालच्या २ डिसेंबरच्या मध्यरात्री टाकीतून वायुरूपाने बाहेर पडले आणि निजलेल्या वस्त्यांवर पसरले. हजारो माणसे मृत्यू पावली. पिकांवरील किडीसाठी मांडलेला हा उद्योग माणसांच्याच घरांत शिरला. त्यानंतर वंदना शिवा यांनी ‘पुन्हा भोपाळ नको, कडुलिंब लावा’ या आशयाची मोहीम हाती घेतली, ती याच आठवणीतून.

कडुलिंबाचा गुण आपल्या माताभगिनींस सांगावयास नको. धान्याच्या कणगीत वाळलेला पाला घालण्याची रीत जुनीच आहे. शेतातील त्याचे सामर्थ्य मात्र १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेत ठळकपणे दिसून आले. टोळधाड आली असता डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाचे पाणी पिकांवर फवारले. टोळ त्या पिकांवर बसले, पण त्यांनी पाने खाल्ली नाहीत. यामागील प्रमुख द्रव्य, अझाडिरॅक्टिन, १९६८ साली वेगळे करण्यात आले. कीड त्यामुळे अन्न सोडते, आणि जी अळी ते खाते तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते.

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. काही विक्रेते या तेलास ‘अहिंसक औषध’ म्हणतात, ते आम्हांस पटत नाही. कात टाकू न शकलेली अळी मरतेच. तेव्हा धर्माच्या नावावर माल खपवू नये. मात्र दोहोंत तारतम्य आहेच. हे द्रव्य उन्हात थोड्याच दिवसांत निष्प्रभ होते, त्याचा मुख्य परिणाम पाने खाणाऱ्या व रस शोषणाऱ्या किडीवर होतो, आणि त्याच्या घाण्यापाशी शहर झोपेत गुदमरण्याचे भय नाही. मासळीच्या तळ्यात ते जाऊ देऊ नये, एवढी सावधगिरी गिऱ्हाइकास अवश्य सांगावी.

आता व्यवहाराचे. २०१५ साली देशात तयार होणाऱ्या सर्व युरियास कडुलिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्यामुळे मागणी वाढली आणि तिच्याबरोबर भेसळीचा मोहही. केवळ कडू वास आला म्हणून तेल कामाचे ठरत नाही. अझाडिरॅक्टिनचा बराच अंश तेलात न येता पेंडीत राहतो आणि उष्णतेने तो नासतो. म्हणून डब्यावरील प्रमाण वाचून माल घ्यावा. बाजारात ३००, १५०० आणि १०,००० पीपीएम अशा प्रती मिळतात व त्यांचा भाव एक असू शकत नाही. निंबोळ्या सावलीत वाळविलेल्या असाव्यात. बुरशी लागलेली रास स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

ज्या शेतकऱ्यास डबा परवडत नाही, त्यास घरचा अर्क सांगावा: पाच किलो निंबोळीची भुकटी दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, थोडा साबणचुरा घालून शंभर लिटर करावे आणि ऊन उतरल्यावर फवारावे. यात आपली विक्री एका डब्याने घटेल, ती घटू द्यावी.